नऊ गैरहजेऱ्या

तो खडू रुमालात गुंडाळून खिशात ठेवायचा. तुटू नये म्हणून.

जीपनीत, आमच्याकडच्या वडाप गाडीत, कधी मागच्या दाराशी बसायचा नाही. चहा पिताना पाठ भिंतीला.

भातावर पालापा, आले-मिरचीची तिखटजाळ चटणी, इतका घ्यायचा की डोळ्यांतून धार लागायची. मग म्हणायचा, "झालं, आजचं रडून झालं."

मागून मोटरसायकल आली की बोलता बोलता थांबायचा. ती पुढे गेली की तेच वाक्य पूर्ण करायचा.

वहीच्या शेवटच्या पानावर उभ्या रेघा मारायचा. दर गैरहजेरीला एक. तो गेला तेव्हा नऊ रेघा होत्या.

नादेर मकादातो. वय एकवीस. लानाओच्या सरोवराकाठी आमचं विद्यापीठ, तिथे शिक्षणशास्त्र विभागात तिसऱ्या वर्षाला होता. मी साहित्याचा, खालच्या इलिगानहून आलेला, चर्चला जाणाऱ्या घरातला. पहिलं वर्ष आम्ही वसतिगृहात एका खोलीत काढलं. तो मला 'डोंग' म्हणायचा, आमच्या बाजूला धाकट्या भावाला म्हणतात तसं. मी त्याच्याहून चार महिन्यांनी मोठा होतो. सांगून उपयोग झाला नाही.

विभागाचे नियम दारावरच चिकटवलेले होते. सरासरी दोनच्या आत हवी. आमच्याकडे एक म्हणजे अव्वल आणि पाच म्हणजे नापास. कुठल्याही विषयात नापास व्हायचं नाही. एका विषयात नऊ गैरहजेऱ्या चालतील. दहावी पडली की विषय गेला, विषय गेला की विभाग गेला. पुन्हा प्रवेश नाही. पहिल्या वर्षी साठ जण होते, तिसऱ्यात सव्वीस उरले.

नादेरच्या वस्तीतल्या शाळेत चार वर्षं एकही मास्तर टिकला नव्हता. गोळ्या खिडकीतून आत यायच्या. त्याला तिथंच मास्तर व्हायचं होतं. दुसरं काही त्याने कधी मागितल्याचं मला आठवत नाही.

गोळ्या रिदोच्या. म्हणजे घराण्यांच्या वैराच्या. हे वैर बास्केटबॉलवरून सुरू झालं. पलीकडच्या वस्तीतल्या एकाने नादेरच्या चुलतभावाला, सारिपादाला, कोपर मारलं. दात पडला. सारिपादाने भर मैदानात त्याचा बाप काढला. दुसऱ्या दिवशी मासळीबाजारात सारिपादाला सात गोळ्या घातल्या. तो बर्फाच्या पेटीवर पडला. बर्फ लाल झाला. बायकांनी त्यातूनच मासे उचलून टोपल्या आवरल्या, कारण दुसरी फैर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

इथे एकाला एक अशी फेड नसते. माणूस केवढा गेला ते बघतात. नादेरचे चुलते, बापा मंगोरसी, मयताच्या घरात बसून म्हणाले, "त्यांचं एखादं उनाड पोर मारून काय मिळणार? त्यांच्यात शिकलेला कोण आहे ते बघा."

त्यांच्यात एक इंजिनियर होता. ईदला घरी आला, गाडीतून उतरला आणि तिथंच मारला गेला. बायकोच्या अंगावर कोसळला. तिच्या अंगावर ओरखडाही नव्हता. बायकांना कोणी हात लावत नाही. तेवढं एक पाळतात.

मग त्यांनी दोन घरं जाळली. एका घरात अंथरुणाला खिळलेला म्हातारा होता. त्याच्या किंकाळ्या सरोवरापर्यंत ऐकू गेल्या. तरी त्यांची फेड झाली नाही. इंजिनियरच्या तोडीचा माणूस नादेरच्या घरात नव्हताच. कोळी होते, जीपनीवाले होते. ते थांबले. थांबणं त्यांना जमतं.

तेव्हापासून नादेरला घरीच ठेवलं. वर्गाला तो बायकांच्या मधून यायचा. एका बाजूला थोरली बहीण नोरहाता, दुसऱ्या बाजूला आत्या. दोघींचे मालोंग, नळीसारखी शिवलेली घोळदार वस्त्रं, अंगभर फुगवलेले, मधे हा.

"एकवीस वर्षांचा घोडा," मी चिडवायचो, "बहिणीच्या मालोंगाआड."

"घोडा नाही, अंडं," नोरहाता म्हणायची. "आणि गप बस डोंग. याला पोचवता पोचवता मीच दोनदा मास्तरीण झाले असते."

गोळीबार झाला की रस्ता बंद. रस्ता बंद की रेघ. आठ झाल्यावर तो मॅम ओमायरांकडे गेला. त्या अध्यापनाचा विषय शिकवायच्या. मी दाराशी उभा होतो.

"मॅम, दोन माफ करा."

"कारण?"

"गोळीबार."

त्यांनी छापील अर्ज पुढे सरकवला. "यात आजारपण आहे, लग्न आहे, हज आहे. गोळीबार कुठे लिहू?"

"आजारपणात लिहा."

त्या हसल्या नाहीत. "माझा भाऊ मारला तेव्हा तिसऱ्या दिवशी मी वर्गावर होते. तुला सूट दिली तर उद्या अर्धा वर्ग मागेल. आणि सगळ्यांची कारणं खरी असतील. मग त्या शाळांवर मी पाठवू कुणाला?"

"बरोबर आहे, मॅम," नादेर म्हणाला. त्याला खरंच ते बरोबर वाटलं होतं. बाहेर आल्यावर मी शिव्या देत होतो आणि तो मला गप्प करत होता. पुढच्या आठवड्यात नववी रेघ पडली.

मग यादी लागली. प्रत्यक्ष शाळेत शिकवायला कोण जाणार त्यांची. नादेर पहिला. सरासरी एक पूर्णांक तीन. त्याने काचेवरून नावावर बोट फिरवलं. "डोंग, वाच ना. मीच आहे ना?"

"तूच आहेस, गाढवा."

चुकलं ते इथून पुढे.

आमच्याकडे कुणी काही पास झालं की घरचे फ्लेक्स लावतात. शनिवारी दुपारी मी नादेर आणि आत्याबरोबर त्यांच्या घरी जेवायला चाललो होतो. जीपनी तिठ्यावर वळली आणि नादेर समोर दिसला. बारा फुटांचा. कोट घातलेला, तो कोट त्याचा नव्हता, फोटोवाल्याने चिकटवलेला होता. खाली घराण्याचं नाव, सरासरी, आणि सोमवारपासून तो कुठल्या शाळेत शिकवणार त्या शाळेचं नाव.

माझ्या शेजारचा खरा नादेर पांढरा पडला.

बापा मंगोरसी खांबाखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवत होते.

"बापा, उतरवा ते."

"का रे? लाजतोस? त्या हमिदचा पोरगा नळजोडणीची परीक्षा पास झाला तर त्याने दोन लावले!"

"बापा, त्यांना कोण हवा होता ते तुम्ही लिहून दिलंत."

बापांनी वर फ्लेक्सकडे बघितलं. मग ते साठ वर्षांचे गृहस्थ स्वतः खांबावर चढले. कोयत्याने दोऱ्या तोडल्या. फ्लेक्स खाली पडला आणि ते त्याच्यावरच बसून राहिले. फ्लेक्स सकाळपासून लागलेला होता.

घरात जेवण तसंच राहिलं. नोरहाता म्हणाली, "सोमवारी जायचं नाही."

"दहावी पडेल."

"पडू दे. जिवंत नापास हो."

"आता नापास झालो तरी ते मला पहिलाच धरणार," नादेर म्हणाला. "मग निदान पहिला राहू दे."

तिने त्याच्या तोंडात मारली. जोरात. मग त्याचं डोकं छातीशी धरून बसली.

सोमवारी सकाळी सात वाजता मी त्या शाळेच्या फाटकाच्या आत उभा होतो. त्याचे तक्ते माझ्याकडे होते. माझं अक्षर बरं, म्हणून मीच लिहिले होते. जीपनी रस्त्यापलीकडे थांबली. नोरहाता उतरली, नादेर उतरला, आत्या उतरली. फाटकापर्यंत पंधरा पावलं.

मोटरसायकलवर दोघं होते. मागचा उतरला. पोरसवदाच होता. त्याने बंदूक काढली आणि अदबीने म्हणाला, "बाई, बाजूला व्हा."

नोरहाता हलली नाही. तिने हात पसरले. आत्याने नादेरला मागून मिठी मारली.

"बाई, विनंती आहे."

बायकांना कोणी हात लावत नाही. पण गोळी पुढचं माणूस बघून थांबत नाही, हे नादेरला कळत होतं. त्याने आत्याचे हात सोडवले. नोरहाताला दोन्ही हातांनी ढकललं. ती रस्त्यावर आपटली. तो एकटा फाटकाकडे धावला. माझ्याकडे.

चार गोळ्या. तीन पाठीत, एक मानेत. मानेतून रक्ताची चिळकांडी माझ्या हातातल्या तक्त्यांवर आली. तो पडला तेव्हा छातीपर्यंत फाटकाच्या आत होता, पाय रस्त्यावर. तोंड हलत होतं. आवाज येत नव्हता, फेस येत होता. मी गुडघ्यावर बसलो. काय करायचं ते मला माहीत नव्हतं. आत मुलं प्रार्थनेच्या रांगेत उभी होती. ती ओरडली नाहीत. बाईंनी न सांगताच सगळी एकदम जमिनीवर पालथी झाली. त्यांना सवय होती.

मॅम ओमायरा पहिल्या दिवसाचे पाठ बघायला हजेरीपत्रक घेऊनच आल्या होत्या. त्यांनी नादेरकडे बघितलं. शिपायाला विचारलं, "शाळेची हद्द कुठून?" त्याने फाटकाच्या पट्टीकडे बोट दाखवलं. त्यांनी पेन काढलं आणि त्याच्या नावापुढे 'हजर' लिहिलं. अक्षर सरळ होतं. मग त्या भिंतीला टेकून ओकल्या.

त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत पुरला. मला वाटलं होतं बापा मंगोरसी रडतील. त्यांनी मला कोपऱ्यात बोलावलं. हाताला फ्लेक्सच्या दोऱ्यांचे वळ अजून होते.

"डोंग, तू विद्यापीठात असतोस. त्या यादीत त्यांच्यातलं कोणी आहे का?"

"नाही, बापा," मी म्हटलं.

होतं. शेजारीच लावलेल्या दुसऱ्या वर्षाच्या यादीत, चौथं नाव. मी ते शनिवारच्या आधीच वाचलं होतं. नादेरनेही वाचलं होतं, आणि घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

त्याची पाठपिशवी आणि खिशातला रुमाल नोरहाताने मला दिले. रुमालातला खडू अख्खा आहे. आधीच्या आठवड्यात तो तिसरीचा वर्ग बघायला गेला होता, तेव्हा त्याने मुलांना वजाबाक्या दिल्या होत्या. त्यांचे एकतीस कागद पिशवीत आहेत. सगळ्यांना एकाच जागी गोळीचं भोक आहे. बारा तपासलेले आहेत. तेराव्यावर चौथ्या वजाबाकीपर्यंत लाल खुणा आहेत. पाचवीपासून पुढचं तपासायचं राहिलं आहे.