जास्तीचा एक फटका

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वालाच्या शेंगा सोलणं. धान मळून घरात आलं होतं, दुपारचं ऊन ओट्यावर होतं, आणि शेवंता, म्हणजे माझी बायको, सुपात दाणे टाकत टाकत मला गोल्फचे प्रश्न विचारत होती. गोल्फ म्हणजे काठीनं चेंडू मारून लांबच्या खड्ड्यात घालायचा तो साहेब लोकांचा खेळ. चामोर्शीकडच्या खेड्यातली म्हातारी अन् गोल्फ, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटत होतं. अजून वाटतं. मी सरळ सांगतो, मला त्या खेळातलं काही समजत नाही, अन् तिला त्यात काय सापडलं होतं तेही मला धड समजलं नाही…

हिवाळ्यात अमेरिकेकडच्या मोठ्या खेळाडूंची सुट्टी असते. खेळ बंद. मग मोबाइलवर एक हिंदी बोलणारा माणूस जुने विक्रम, गमतीच्या गोष्टी, प्रश्न असं सगळं घेऊन बसतो. शेवंताला खेळापेक्षा हे सुट्टीचे दिवस जास्त आवडायचे. "खेळ पाहून डोळे दुखते, गोष्टी आयकाले बऱ्या," म्हणायची. सकाळी ऐकायची अन् दुपारी माझी परीक्षा घ्यायची.

त्या दुपारचा प्रश्न असा होता. गोल्फमध्ये ज्यानं कमी फटके मारले तो जिंकला. अन् आपले फटके आपण लिहायचे नाहीत. सोबत चालणारा दुसरा खेळाडू आपल्या कार्डावर लिहितो, शेवटी आपण वाचून सही करायची. तर अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत बाहेर देशाचा एक जण फार चांगला खेळला. पण सोबतच्याच्या हातून एक फटका जास्त लिहिला गेला, अन् यानं न पाहता सही ठोकून दिली.

"आता सांगा," शेवंता म्हणाली, "त्याचं काय केलं असन?"

"काय करतीन? बाद केलं असन. चुकीचं कार्ड म्हणजे चुकीचं."

"नाई. बाद नाई केलं. तो जास्तीचा फटका तसाच ठेवला. सही केली ना? मंग भोग."

"असा कुठी नियम राह्यते का वो? न मारलेला फटका डोक्यावर?"

"राह्यते."

"तू पाह्यलं काय?"

"अर्धं पाह्यलं. नेट गेलं."

"मंग अर्ध्यावर काऊन बोलून राह्यली?"

"तुमी तर काईच नाई पाह्यलं, तरी बोलून राह्यले!"

यावर आमचं बरंच वाजलं. शेवटी ठरलं की उद्या वनिताला फोन करून विचारायचं. वनिता आमची मुलगी, नागपूरला असते, असल्या भांडणांचा निकाल तीच मोबाइलमध्ये पाहून द्यायची. दुसऱ्या दिवशी फोन केला तो मी केला, पण तो प्रश्न विचारायला नाही. त्याच रात्री जेवण झाल्यावर शेवंता म्हणाली, डोकं फिरून राह्यलं, जराशी पडते. पडली ती पडलीच. मी हाक मारली तर हुं म्हणाली, दुसरी मारली तर काहीच नाही. ऑटो आला, दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं मान हलवली. मी त्या डॉक्टरला म्हणालो, नीट पाहा, ती अशी चूप बसणारी बाई नाही. काय बोललो मी हे… पण तसंच बोललो.

पेपरच्या पुरवणीवाल्यांनी म्हटलं, बायकोबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला. बोलतो तसंच लिहीन.

आमची उमर चंद्रपूरजवळ एका कोळसा खाणीच्या वसाहतीत गेली. मी पाण्याच्या पंपावर होतो. साहेबांसाठी तिथं गोल्फचं मैदान होतं अन् हिरवळीतला मोथा, म्हणजे ते चिवट तण, उपटायला बाया रोजीनं लावायचे, त्यात शेवंता होती. दिवसभर उकिडवं बसून मोथा उपटायचा. एकदा एका साहेबाचा चेंडू थेट हिच्या घमेल्यात येऊन पडला. बाकीच्या बाया म्हणाल्या, फेक बाहेर. हिनं फेकला नाही. चेंडू जिथं पडला तिथून हलवायचा नसतो एवढं हिनं ऐकलं होतं, म्हणून ती घमेलं धरून उन्हात तशीच बसून राहिली, साहेब चालत येईपर्यंत. साहेब हसून हसून खाली बसला. घरी आल्यावर मी म्हणालो, घमेलं ठेवून सावलीत बसाव ना, याडे. तर म्हणे, "अन् कोणी ढकललं असतं तं?" कोणाचा चेंडू, कोणाचा खेळ, अन् घाम हिचा. मला तेव्हाही समजलं नव्हतं.

मी रिटायर झालो, आम्ही गावी परत आलो. वनितानं मोबाइल दिला तेव्हा शेवंता तिला म्हणाली, तो गवताचा खेळ दिसते का पाह्य. पहिले कितीतरी दिवस तिनं खेळ पाहिलाच नाही, गवतच पाहिलं. "पाहा, पाहा, मोथ्याची एक काडी नाई! किती बाया लावल्या असतीन?" तिकडं मशीन असते म्हटलं तर तिला पटायचं नाही. मग हळूहळू माणसं दिसायला लागली, मग विक्रम. ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी लागला तर त्याला लहान पाखराचं नाव, दोन कमी तर गरुडाचं, तीन कमी तर समुद्रावरच्या कोणत्यातरी मोठ्या पक्ष्याचं. मी म्हणालो, कमी केलं तर पक्षी मोठा? हे उलटंच आहे. ती म्हणाली, "तुमचं डोस्कंच उलटं आहे."

आमच्या शेजारचा मुरलीभाऊ बोडीवरून मासे घेऊन येताना ओट्यावर टेकायचा. बोडी म्हणजे आमच्याकडचं लहान तळं. तोही यात ओढला गेला. एकदा शेवंतानं सांगितलं, चंद्रावर गेलेल्या एका माणसानं तिथं गोल्फचा चेंडू मारला.

मी विचारलं, "मंग चेंडू वापस आणला काय?"

"नाई. तिथंच आहे."

"मंग खोटं."

मुरलीभाऊ म्हणाला, "वहिनी, भाऊ बरोबर बोलून राह्यला. पुरावा पाह्यजे. माह्या जाळ्यातून बी लय मोठा मासा सुटला, पण कोणी मानते का?"

वनितानं पाहून सांगितलं की खरं आहे. मी तरी मानलं नाही.

अन् एक गोष्ट आठवते, ती मला सोडत नाही. तिकडच्या लहानमोठ्या सगळ्या स्पर्धा धरून सगळ्यात जास्त कोणी जिंकल्या, तर दोन जण बरोबरीत आहेत, एक जुना, एक आताचा. मी म्हणालो, असं अर्धवट काऊन ठेवलं, एक अजून खेळून निकाल लावाव. शेवंता म्हणाली, "जुना मरून गेला. तो कुठून येईन खेळाले?" मग म्हणाली, "मले वाटते, आता दुसऱ्यानं बी जिंकू नये." मी म्हणालो, खेळणारा तर खेळीनच ना. ती तांदळातले खडे वेचत राहिली.

तेरवीला पंगत बसली अन् मुरलीभाऊला राहवलं नाही. भात वाढता वाढता म्हणाला, "भाऊ, त्या कार्डवाल्याचं काय झालं? वहिनी बरोबर का तुमी?" मी म्हणालो, मालूम नाही. तर पंगतीत दोन बाजू पडल्या. एक म्हणे, चूक लिहिणाऱ्याची, याच्या डोक्यावर कशाला? दुसरा म्हणे, सही केली म्हणजे संपलं, आमच्या बापानं अंगठा दिला तेव्हा कोणी ऐकलं काय? तिसरा म्हणे, पहिले गोल्फ काय ते सांगा. मेल्या बाईच्या जेवणात लोक हसत होते, मीही हसलो, अन् मग मला समजेना की हसलो तर बरं केलं की वाईट.

बाया आल्या त्या म्हणत होत्या, देवमाणूस होती हो शेवंताबाई. नव्हती. भांडकुदळ होती. भाजीत मीठ जास्त टाकायची अन् जास्त झालं म्हटलं की दोन दिवस अळणी खाऊ घालायची. माझ्या बहिणीशी तिनं शेवटपर्यंत सरळ बोलणं केलं नाही. पण पंपावर रात्रपाळी असली की मी येईपर्यंत ती जेवायची नाही, हेही खरं. आता हे सगळं मी लिहितो आहे. सोबत चालणाऱ्यानं लिहायचं, हे ठीक. पण वाचून सही कोण करेल? मी एखादी गोष्ट तिच्या नावावर जास्तीची लिहिली असेल, एखादी कमी… ती असती तर म्हणाली असती, ते मिठाचं खोडा.

तेरवीच्या संध्याकाळी पाहुणे गेले. वनिता माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, मी पाह्यलं. त्या खेळाडूचं काय झालं ते मले मालूम आहे. सांगू?"

"नको."

"काऊन?"

"ती बरोबर असन तं तिले सांगता येत नाई. मी बरोबर असन तं… तिच्याशी आता जिंकून काय करू?"

"मंग असंच ठेवता?"

"मले समजत नाई, बाई. ठेवलं तरी टोचते. काढलं तरी आमच्या दोघातलं काईच बाकी नाई राह्यत."

वनिताला दुसऱ्या दिवशी जायचं होतं. मला वाटलं, ही गेली की उत्तरही हिच्यासोबत नागपूरला जाईल, अन् एखाद्या दिवशी फोनवर सहज तोंडातून निघून जाईल. तेही नको होतं.

सकाळी ती बॅग भरत होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "पोरी, प्रश्न तुह्या मायचा होता. तिले सांगून जा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग आतल्या खोलीत, जिथं शेवंताचा फोटो ठेवला आहे, तिथं गेली अन् दार लोटून घेतलं. दार आमचं फाटकं, बोललेलं सगळं बाहेर येतं. म्हणून मी अंगणातल्या हापसीवर गेलो, बादली लावली अन् हापसायला लागलो. हापसी जुनी आहे, फार खडखडते. बादली भरली, वाहायला लागली, चिखल झाला, तरी मी हापसतच होतो. मुरलीभाऊ कुंपणावरून ओरडला, "भाऊ, बोडी भरून राह्यले काय?"

वनिता बाहेर आली. डोळे पुसत होती अन् हसत होती. तिच्या तोंडावरून मला काहीच समजलं नाही.

"झालं सांगून?"

"झालं."

"काय म्हणली?"

"ते तिचं अन् माह्यं आहे."

मी हापसी सोडली. हात पुसले. म्हणालो, "गाडीले टाइम आहे. दुसरा एखादा प्रश्न विचार."

तिनं विचारला. मला येत नव्हता. मी उत्तर देऊन टाकलं.