उपजतच कामाची

मनीषनगरला माझ्या धाकट्या लेकीच्या गॅलरीखाली मधमाश्यांनी पोळं केलं होतं. तिची मुलगी, माझी नात, कॉलेजात किडे शिकते. त्या दिवशी थोरली भिवापूरहून तिखट घेऊन आली होती. पाणी प्यायली आणि लगेच लसूण सोलायला बसली.

मी नातीला विचारलं, "राणीमाशी जन्मतःच राणी असते काय वं?"

"नाही आजी. कामकरी अन् राणी, दोघींची अंडी सारखीच. आईबापाकडून आलेलं सारखंच. दोन-तीन दिवस खाणंही सारखं. मग एकीलेच ते भारी खाणं चालू ठेवतात, बाकीच्यांले साधं. त्या खाण्यानं आतली काही बटणं चालू होतात, काही बंद."

थोरलीचा हात थांबला. "आयकलं काय, माय?"

मी ऐकलं होतं. ती सात वर्षांची होती तेव्हापासून मी तिला मिरचीचे देठ खुडायला नेत असे. बोटं जळायची, मग ती ताकात हात बुडवून बसायची. धाकटी शाळेत गेली, पुढे मास्तरीण झाली. थोरलीच्या लग्नाच्या बैठकीत मी पाहुण्यांना सांगितलं होतं, पोरगी उपजतच कामाची आहे, पुस्तक पाहिलं की झोपते. गुण म्हणूनच सांगितलं होतं.

"तुले पुस्तक आवडतच नव्हतं," मी म्हटलं.

"दिवसभर देठ खुडून तू वाचलं असतं काय?"

मी नातीकडे वळले. "सगळ्या किड्यांचं असंच?"

"नाही. काही मुंग्यांचं जन्मतःच ठरते. काहींचं थोडं हे, थोडं ते."

"अन् माणसाचं?"

"माणूस मुंगी नाही, आजी. मले नाही सांगता येत."

"मग कॉलेजात काय करून राहिली तू?"

थोरली हसली. मग म्हणाली, "किड्यांचं राहू दे. तू सांग, मलेच काहून नेलं?"

"धाकटी रांगत होती. तू चालत होती."

"एवढंच?"

"दुसरं काही आठवत नाही."

तिनं मान हलवली. ते हो होतं की नाही, मला कळलं नाही. ती दुपारच्या बसनं गेली. मी चौथी शिकलेली. माणसाचं मुंग्यांसारखं की माश्यांसारखं, हे नातीलाही धड सांगता येत नाही, मग मी थोरलीला काय सांगू? फोन लावते, तब्येत विचारते, ठेवून देते.