तुमच्यात किती आया असतात?

"तुमच्यात नक्की किती आया असतात?"

हा प्रश्न मला विचारला गेला. मीटिंगच्या खोलीत, चारी बाजूंना काच, टीममधले सगळे टेबलाभोवती. विचारणारा माझा मॅनेजर, नचिकेत. हातात कॉफीचा मग. आवाज अजिबात चढलेला नाही. पुण्यात अपमान हळू आवाजातच करतात, म्हणजे नंतर 'मी काय वाईट बोललो?' असं विचारता येतं.

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळे हसले. मी हसले नाही. हसायला हवं होतं, असं नंतर टीममधली ऋचा म्हणाली. "हलकं घ्यायचं गं. तो असाच आहे."

तो असाच आहे. म्हणून मी कसं असावं ते ठरतं.

झालं होतं ते एवढंच. माझी मोठी माय वारली होती. मोठी माय म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. आमच्या यवतमाळकडे तिला काकू म्हणत नाहीत. मी जन्मले तेव्हा माझी आई मरता मरता वाचली आणि पुढे कितीतरी महिने अंथरुणाला खिळून राहिली. त्याच सुमारास मोठ्या मायचं तान्हं पोरगं गेलं. पोरगं गेलं, दूध गेलं नाही. ते मी प्याले. आमच्या घरात यावर कधी कुणी चर्चा केली नाही. दोन आया होत्या. एक रागवायची, दुसरी त्याहून जास्त रागवायची. कॉलेजला पुण्यात आले तेव्हा स्टँडवर आई रडली. मोठी माय रडली नाही. कंडक्टरला म्हणाली, "पोरगी एकटी हाये. बाजूले कोनी मानूस बसला तर तुलेच इचारीन."

पुढे व्हिडिओ कॉल आले. ती मोबाइल इतका तोंडाजवळ धरायची, की मला फक्त कपाळ दिसायचं. कपाळ आणि त्यावरचं कुंकू. "काय करून रायली वं?" कपाळच विचारायचं.

ती गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलवर होते. आमची संध्याकाळ, अमेरिकेची सकाळ. पलीकडे मेगन, क्लायंटकडची आमची लीड. मी माइक चालू केला आणि बोलले, "माय मदर डाइड."

विचार करून बोलले नाही. आणि केला असता विचार, तरी कुठला शब्द होता? आंट. काकू आंट, मावशी आंट, आत्या आंट, मामी आंट, खालच्या मजल्यावरची बाई आंट. ज्या भाषेत या सगळ्यांना एकाच खुंटीला टांगतात, त्या भाषेत मी तिला कुठे ठेवणार होते?

मेगनचे डोळे खरंच भरून आले. ते मी नाकारत नाही. ती म्हणाली, "टेक ऑल द टाइम यू नीड."

हवा तेवढा वेळ घे. मी ते खरं मानलं. आमच्याकडे 'रहा पाहिजे तेवढे दिवस' असं म्हणणारा माणूस पाठोपाठ गोधडी काढतो. मी तेराव्या दिवशीची तेरवी होईपर्यंत गावी राहिले. या वाक्याचा अर्थ साधारण दोन-तीन दिवस, फार तर आठवडा असा असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिकडे दुःखाला मुदत असते, फक्त ती तोंडानं सांगत नाहीत. ज्याची त्यानं ओळखायची. इकडे मुदत नसते, परवानगी असते. आणि परवानगी नचिकेतच्या खिशात.

नचिकेत बरीच वर्षं ओहायोत राहून आलेला. कोथरूडचा. जॉइन झाले त्या दिवशी त्यानं मला पूर्ण नाव विचारलं. मग गाव विचारलं. मग म्हणाला, "अच्छा. तिकडचे." आणि मग म्हणाला, "मला सर म्हणू नकोस हं. इथे सगळं फर्स्ट नेम बेसिसवर असतं." पूर्ण नाव तपासून झाल्यावरच आमच्याकडे फर्स्ट नेम सुरू होतं. त्याचं आवडतं वाक्य होतं, "आपण टीम नाही, फॅमिली आहोत." मेगन असं कधी म्हणाली नाही. तिची फॅमिली तिच्या घरी होती. मुलीला शाळेत सोडायची वेळ झाली की 'हार्ड स्टॉप' म्हणायची आणि पडद्यावरून नाहीशी व्हायची. मला ते आवडायचं. तिच्या कामाला दार होतं. नचिकेतच्या फॅमिलीला दार नव्हतं. तो थोरला, आम्ही धाकटे, आणि थोरला उठेपर्यंत कुणी पानावरून उठायचं नाही. पण याच धाकट्यांच्या घरी माणूस मेलं की ती फॅमिली नव्हे, ती रजा.

मेगनचा कुत्रा गेला होता तेव्हा नचिकेतनं स्वतः ग्रुपवर लिहिलं, 'ही वॉज फॅमिली.' आम्ही सगळ्यांनी खाली लिहिलं. मीही लिहिलं, मनापासून. त्या वेळी कुणी विचारलं नाही, सख्खा का?

मी परत आले ती आईला घेऊन. वारज्याच्या माझ्या खोलीवर मी एकटी राहू नये, म्हणून ती सोबत आली. ऑफिसात चहाच्या मशीनपाशी ऋचानं विचारलं, "आता घरी कोण असतं गं?"

"आई आहे ना."

"कोण आई?"

"माझी आई. गुडघे धरलेत तिचे."

ऋचाचा कप ओठाशीच राहिला. "अगं, पण तुझी आई तर..."

मी तिला समजावून सांगितलं. मला त्यात लपवण्यासारखं काही दिसलंच नव्हतं. दुपारपर्यंत ते सगळ्या मजल्याला कळलं. आणि मग ती काचेची खोली.

"म्हणजे, नात्यानं काकू. बरोबर?" नचिकेत म्हणाला. "आणि तू क्लायंटला सांगितलंस आई."

"आईच होती."

"तुमच्यात म्हणत असतील. आमच्यातही मावशीला आईसारखी मानतात. पण सारखी. 'सारखी' या शब्दाला काही अर्थ असतो, बाई."

मी म्हटलं, "मी तिचं दूध प्यालेय."

"बरं. म्हशीचंही पितेस."

या वेळी कुणी हसलं नाही. सगळे टेबलाकडे बघत बसले. मला त्या हसण्यापेक्षा ते न हसणं जास्त आठवतं. त्यांना कळलं होतं. कळूनही सगळे बसून राहिले.

"उद्याच्या कॉलवर मेगनला सांगून टाक," तो म्हणाला. "शी वॉज माय आंट. सॉरी म्हण. विषय संपला. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

घरी आले. आईला सांगितलं, म्हशीचं सोडून. ती पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली. म्हणाली, "मंग सांगून दे ना काकू होती म्हनून. नोकरी कायले घालवतं? मेलेलं मानूस का आयकाले येते?"



पोळी तव्यावर टाकून ती पाठमोरीच म्हणाली, "पन तू काय बोलली, थे मले नोको सांगू."

गावाहून आल्यापासून मला एक होत होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. कॉलवर चौकोन चौकोन असतात, ज्याचा कॅमेरा बंद त्याचा चौकोन काळा. काळा चौकोन दिसला की माझं कामातलं लक्ष उडायचं. वाटायचं, आता तिथे कपाळ येईल. मोबाइल फार जवळ धरलेला असेल. मी नाव वाचायचे, नाव दुसऱ्याच कुणाचं असायचं, तरी मी थांबायचे. दुसऱ्या दिवशी कॉल सुरू झाला तेव्हाही एक चौकोन काळा होता. ऋचाचा. मला तोंड दाखवायला नको, म्हणून तिनं मुद्दाम कॅमेरा बंद ठेवला होता.

नचिकेतनं सुरुवात केली. ओहायोचं इंग्रजी, गोड. हिला काहीतरी स्पष्ट करायचंय, थोडा सांस्कृतिक गोंधळ झालाय, वगैरे. सांस्कृतिक गोंधळ. खोलीत मी खोटारडी होते, मेगनसमोर मी संस्कृती झाले.

मी माइक चालू केला.  त्या काळ्या चौकोनाकडे बघू नको, असं स्वतःला सांगत होते आणि तिकडेच बघत होते. आंट हा शब्द जिभेवर तयार होता. अर्ध्या सेकंदाचा शब्द. तो बोलले असते तर ती दुसऱ्यांदा मेली असती, आणि या खेपेला माझ्या तोंडानं.

मी म्हटलं, "आय हॅड टू मदर्स. वन इज डेड. आय डिड नॉट लाय."

 मेगननं कपाळाला आठ्या घालून, खरंच समजून घ्यायच्या स्वरात विचारलं, "युअर बायोलॉजिकल मदर?" वाईट हेतू नव्हता. तिच्याकडे आईला लावायला तेवढंच एक विशेषण होतं.

"माय मदर," मी म्हटलं.

मग ती म्हणाली, हे एचआरनं बघायला हवं. आणि मग म्हणाली, सॉरी, हार्ड स्टॉप. तिचं दार उघडलं आणि लागलं. पहिल्यांदाच मला ते दार आवडलं नाही.

नचिकेतनं लॅपटॉप मिटला. मराठीत आला. "वा. भाषण छान झालं. आता राजीनामाही तितकाच छान लिही."

मी लिहिला नाही. त्यांनी मला प्रोजेक्टवरून काढलं, मग नोकरीवरून. हे शहर आयटीवाल्यांचं आहे, इथे नोकरी गेली हे दुखणं नाही. दुखणं आहे रिलीव्हिंग लेटर. जुन्या कंपनीनं ते दिलं नाही तर नवी कंपनी दारात उभं करत नाही. आणि माझं ते अडवून ठेवलंय. एक वाक्य लिहून दे, म्हणतात. मृत व्यक्ती माझी आई नव्हती, मी नात्याबद्दल खोटी माहिती दिली. वाक्य त्यांनीच तयार करून पाठवलंय. फक्त सही हवी.

सध्या मी आयटीतल्या पोरापोरींच्या एका छोट्या संघटनेत पत्रकं लिहिते, माझी ही गोष्टही त्यात असते. गेटवर वाटते. लोक घेतात, घडी घालतात, खिशात टाकतात. पण काही जण पुढे जाऊन परत फिरतात. मामानं वाढवलेला पोरगा परत फिरतो. रजा मिळाली नाही म्हणून मरत्या आजोबाच्या पायापाशी लॅपटॉप घेऊन बसलेली पोरगी परत फिरते. हळूच विचारतात, आमचंही लिहाल का? मी म्हणते, तुम्ही लिहा. मी छापून देते.

त्यांच्याशी बोलताना मला अजूनही तो एक शब्द दचकवतो. तुमच्यात. भाजीवालीनं साधेपणानं विचारलं, तुमच्यात कशी करतात ही भाजी, तरी मानेमागे काच थंड लागते. मोठी मायही येते. स्वप्नात नाही, भर दिवसा. जिन्यात, सिग्नलला. काही बोलत नाही. कपाळही दाखवत नाही आता, पाठ करून उभी असते, जणू मी काय बोलले ते तिला ऐकायचं नाही. मी तिला शांत करायला हे लिहीत नाहीये. ती शांत झाली तर मीही होईन, आणि त्यांना तेच हवंय.

आई दर आठवड्याला विचारते, "सही करून देल्ला का कागद?" मी नाही म्हणते. ती बरं म्हणते आणि दुसरं काहीतरी बोलायला लागते.

नोकरी मिळेल, नाही मिळेल. सही मिळणार नाही.