भुवईतली खाच

लवू मेस्त्री मूळचे देवगडकडचे सुतार. गिरगावातल्या तात्यांच्या छापखान्यात ते शिरले दरवाजा दुरुस्त करायला, आणि पुढची बावीस वर्षं लाकडी ठोकळ्यांवर देव, संत आणि राक्षस कोरत तिथेच राहिले. आरत्या, व्रतकथा, पोवाडे, दरोडेखोरांच्या गोष्टी अशी पातळ सचित्र पुस्तकं तात्या छापत, आणि लोक ती फाटेपर्यंत वाचत. मेस्त्रींचा हात सुरेख होता, पण तात्यांना कायम घाई. त्यामुळे मुकुट तासून टाकला की रामाचा संत व्हायचा, आणि दाढी तासली की ऋषीचा प्रधान. वाचकांनी कधी तक्रार केली नाही. देवांनीही नाही.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबईसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. त्यात लालबागच्या चाळीतला जयवंत गेला. गिरणीत मागावर होता, लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली. तात्यांनी कुणाकडून तरी त्याच्यावरचा पोवाडा लिहून घेतला. रविवारच्या सभेआधी पुस्तक हवं होतं आणि चित्राशिवाय पुस्तक खपत नाही, हे तात्यांचं पक्कं मत. पण जयवंतचा फोटोच नव्हता. लग्नातसुद्धा कुणी काढला नव्हता.

मेस्त्री राहायला चिंचपोकळीला. जयवंतची चाळ तिथून चालत दहा मिनिटांवर. जायचं, चेहरा कसा होता ते विचारायचं आणि नवा ठोकळा कोरायला घ्यायचा, एवढंच काम होतं. सुतकाच्या घरात पेन्सिल घेऊन कसं बसायचं, अशी मेस्त्रींनी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी फडताळातून एका दरोडेखोराचा जुना ठोकळा काढला, त्याच्या झुबकेदार मिशा तासून बारीक केल्या आणि मुंडाशाची टोपी केली. दरोडेखोराच्या डाव्या भुवईत मात्र तलवारीच्या वाराची खाच होती. लाकूड तासता येतं, तासलेलं परत भरता येत नाही. खाच तशीच राहिली. एवढं बारीक कोण बघतंय, असं म्हणून मेस्त्रींनी ठोकळा छपाईला दिला.

बघणारी होती. पंधरा दिवसांनी जयवंतची आई सुंदराबाई पुस्तक पदराखाली धरून छापखान्यात आली. आता आपली खरडपट्टी निघणार म्हणून मेस्त्री मान खाली घालून उभे राहिले. पण तिला तेच चित्र जाड कागदावर हवं होतं, फ्रेम करायला. पुस्तकातलं चित्र बोटं फिरवून फिरवून पुसट झालं होतं. बाई, हा तुमचा मुलगा नाही, असं त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मेस्त्रींनी मुकाट्याने चित्र छापून दिलं, आणि तिने त्यांना हात जोडले. त्या दिवसापासून त्यांना जेवण गोड लागेना. लालबागेत काही काम निघालं तरी त्या चाळीवरून जायचं टाळून ते लांबचा वळसा घेत.

वर्षभराने तात्यांनी दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलं. या खेपेला मेस्त्रींनी कोरा ठोकळा उचलला आणि सगळं कबूल करायचं मनाशी ठरवून एका सकाळी ते सुंदराबाईंच्या खोलीत जाऊन बसले. समोर भिंतीवर दरोडेखोर झेंडूची माळ घालून होता. जयवंतचा चेहरा नीट सांगा, यावेळी चांगला काढतो, एवढं त्यांनी कसंबसं विचारलं.

सुंदराबाईंनी भिंतीकडे बोट केलं. "आणि कसो असतलो? असोच होतो माझो झील."

मग तिने भुवईची हकीकत सांगितली. सात वर्षांचा असताना गावी परसातल्या आंब्यावरून पडला, भुवई फाटली, हळद दाबून धरली तरी रक्त थांबेना. सांगताना तिचे डोळे भरून आले. मेस्त्री ऐकत राहिले. कबुली त्यांच्या ओठांपर्यंत आली होती, पण ही जखम आता तिच्याकडून परत कशी मागायची? ते उठले.

जिन्यात जयवंतची बायको, कौसल्या, मागून आली.

"ते कधी आंब्यावर चढले नव्हते," ती हळू आवाजात म्हणाली. "भुवई धड होती त्यांची."

मेस्त्रींनी तिथेच तिला सगळं सांगून टाकलं, मिशा, मुंडासं, तलवारीचा वार, आणि चालत दहा मिनिटांचं अंतरसुद्धा. ती चिडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती चिडली नाही.

"सासूबाईंना यातलं काही बोलू नका," ती म्हणाली. "पुस्तकातही हेच राहू दे. माझ्यासाठी तेवढं एक खरं काढा. पण आत्ताच काढा, मेस्त्री. रोज बघून बघून मलापण ती खाच दिसायला लागलीय."

मेस्त्री पायरीवर बसले आणि कागद गुडघ्यावर घेतला. कौसल्या सांगत गेली. केस मागे वळवलेले. कपाळ रुंद, मधे एक आठी. मेस्त्रींची पेन्सिल तिच्या शब्दांमागून चालत होती.

भुवयांपाशी आल्यावर ती थांबली. तिने डोळे मिटले, आणि तिचं बोट आपसूक स्वतःच्या डाव्या भुवईवर, खाचेच्या जागी गेलं.