अंबडच्या पडद्यावर मी

अंबडमध्ये डिजिटल सिनेमाचा पहिला खेळ झाला, त्यात नायकाच्या भूमिकेत मी होतो. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

टॉकीज माझ्या सासऱ्यांची. पूर्वी पिक्चर जालन्यात चालून चालून दमला, की त्याची रिळं पत्र्याच्या पेट्यांतून अंबडला यायची. तोवर गोष्ट गावाला पाठ झालेली असायची. त्यात घरोघर सीडी आल्या आणि खुर्च्या रिकाम्या पडायला लागल्या. मग सासऱ्यांनी हिंमत केली. छपरावर डिशची छत्री, आत नवा प्रोजेक्टर, नवे स्पीकर. आता मुंबईत ज्या शुक्रवारी पिक्चर लागणार, त्याच शुक्रवारी अंबडला उपग्रहावरून येणार. हे चाललं नाही तर टॉकीजचं गोदाम करायचं, असं सासऱ्यांनी घरात सांगून टाकलं होतं. त्या आठवड्यात ते धड जेवलेही नव्हते.

मी जालन्यात कॉम्प्युटर शिकवायचो (म्हणजे पोरांना टायपिंगला बसवायचो). सासऱ्यांना तेवढं पुष्कळ होतं. "मशीनपाशी तुम्हीच बसा, जावईबापू. घरचा माणूस बरा."

शुक्रवारी थेटर खच्चून भरलं. बाल्कनीत सासूबाई, त्यांची बहीण आणि माझी बायको सुनीता. मी ऐटीत बटण दाबलं. पिक्चर मशीनमध्ये येऊन पडला होता, पण पाठवणाऱ्या कंपनीनं त्याचं कुलूप उघडून दिलं नव्हतं. कंपनीचा फोन सारखा एंगेज. खाली शिट्ट्या सुरू झाल्या.

सासरे धापा टाकत वर आले. "काय करून राह्यले तुम्ही? लोकं खुर्च्या तोडतील. जल्दी काहीतरी लावा."

"काय लावू?"

"काही बी लावा, पण पडदा काळा ठेवू नका."

आमच्या लग्नाची सीडी माझ्या लॅपटॉपमध्येच होती. सासरी दाखवायला आणली होती (पाहिली अजून कोणीच नव्हती, मीसुद्धा). वायर जोडली आणि पडद्यावर मुंडावळ्या बांधलेला, वीस फुटी मी उगवलो.

"अरे, हे तर शेठचे जावई," कोणीतरी ओळखलं. टाळ्या पडल्या. मी खूश झालो.

कॅमेरा माझ्या तोंडावर, आणि मागून दोन बायकांचं बोलणं. नव्या स्पीकरमधून बांगडीसुद्धा ऐकू येत होती.

"पोरगा कसा वाटतो, अक्का?" हा सुनीताच्या मावशींचा आवाज.

"नोकरीला बरा हाय," सासूबाई म्हणाल्या. "पण तोंड बघ की. उसाच्या ट्रॅक्टरपुढं आल्यावानी उभा हाय."

थेटर हसून फुटलं. मी वायर उपटली. अंधारात लोक 'ट्रॅक्टर, ट्रॅक्टर' ओरडायला लागले.

सासरे डोळे पुसत होते. आठवड्यात पहिल्यांदाच हसत होते ते. "जावईबापू, माझ्यासाठी. अजून एकदा."

त्यांचं तोंड पाहून मी वायर जोडली. सीडी पहिल्यापासून लावली. या खेपेला ते वाक्य अख्ख्या थेटरानं सासूबाईंच्या बरोबर म्हटलं.

तेवढ्यात कंपनीचा फोन लागला आणि पिक्चर उघडला. खरा नायक आला तेव्हा लोक थोडे नाराजच झाले.

खेळ सुटल्यावर सासूबाई तोंडाला पदर लावून वर आल्या. "राग धरू नका. तवा तुम्हाला वळखत न्हवते मी."

"आता ओळखता ना?"

"व्हय. तोंड तसंच हाय, पण माणूस लई चांगला हाय."

पुढच्या शुक्रवारी मी जालन्यात होतो. पिक्चर अगदी वेळेवर सुरू झाला, तर 'ट्रॅक्टर कुठाय?' अशी लोकांची तक्रार आली. सासऱ्यांचा मला फोन. "ती सीडी घेऊन येता का?"

मी गेलो घेऊन. एवढ्या मोठ्या पडद्यावर मला दुसरं कोण घेणार होतं?