हिराकाकीचे आठ तास

हिराकाकीचं घड्याळ केळीच्या झाडाला टांगलेलं असायचं. चावीचं, गजराचं, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. वटार गावात आमची आणि काकीच्या नवऱ्याची, दामूकाकांची, वाडी शेजारी शेजारी, विहीर मात्र सामायिक. सकाळी सहा ते दहा पाणी आमच्या केळींना, दहा ते दोन त्यांच्या. दहाला पाच कमी असताना काकी हातात फावडं घेऊन पाटाशी उभी राहायची. गजर वाजला की आमच्या पाटाच्या तोंडात चिखलाचा गोळा बसलाच.

"अगं हिरा, शेवटचा वाफा राहिलाय," माझे वडील म्हणायचे.

"राहिला तो उद्या, भावजी. पाळी ती पाळी. पुढून घ्यायची नाय, मागून मागायची नाय."

घरातही तेच. पपई कापायची तर सुरी धरणाऱ्याने फोड शेवटी उचलायची, हा तिचा कायदा. "कापनाऱ्यानं मागून घ्यावं, म्हणजे हात सरळ चालतो." तरीही पाण्यावरून कितीतरी वर्षं मी तिला हावरट समजत होतो. मग वडील दोन आठवडे दवाखान्यात पडले. मी चंदनसारच्या फ्लॅटमधून दवाखाना आणि ऑफिस अशा फेऱ्या मारत होतो. वाडी मेली असणार असं धरून रविवारी वटारला गेलो, तर आमच्या केळी हिरव्यागार. काकी रोज सहाला येऊन आमची पाळी चालवत होती आणि दहाच्या ठोक्याला पाणी स्वतःकडे वळवत होती.

"अर्धा तास तिकडे ओढला असतास तर कोण बघत होतं?" मी विचारलं.

"घड्याळ बघत होतं," ती म्हणाली.

तिच्या निलेशने, माझ्या चुलतभावाने, आईवडिलांना अमेरिकेला बोलावलं तेव्हा वाटणीचा नवा प्रश्न उभा राहिला. सोळा तासांचं सलग उड्डाण. निलेशकडे ऑफिसच्या प्रवासाचे पॉइंट साठलेले होते, ते एकाच तिकिटाला पुरत होते. म्हणजे एक जण बिझनेस क्लासमध्ये आडवा, दुसरा मागे बसून. त्याने माझा सल्ला विचारला. आमच्या घराण्यात विमानांचा जाणकार मीच. ऑफिसने एकदा दुबईला पाठवलं होतं, आणि बिझनेस क्लास मी आतून पाहिला होता. म्हणजे उतरताना त्यातून चालत बाहेर आलो होतो. तेवढ्या अनुभवावर मी सांगितलं, "काकांना दे. त्यांचे गुडघे."

गुडघे काकीचेही गेले होते. पण काकांचा गुडघा बोलका, उठता-बसता हाका मारणारा. काकीचा मुका. तिला कोणी विचारलंच नाही, आणि त्या कोणीमध्ये पहिला मी.

ओटीवर हे सांगितलं तेव्हा काकी वाल सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "एक पुढं, एक मागं. मग पाळी कशी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जाणकार माणूस गप्प बसला तर त्याला जाणकार कोण म्हणणार? मी म्हणालो, "सोपं आहे काकी. आठ तास काका झोपतील, आठ तास तू. अर्ध्या रस्त्यात बदला."

"कोनी अडवलं तर?"

"कोण अडवणार? नवराबायको आहात तुम्ही."

काकीचे हात थांबले. मग ती काकांकडे वळली. "वाटनी मी करते, म्हणजे आधी तुम्ही निवडा. पयले आठ की दुसरे?"

"पहिले," काका म्हणाले.

पुढचा महिनाभर ती मला त्या खुर्चीबद्दल विचारत होती. खरंच पूर्ण सपाट होते का? पाय लांब करता येतात का? "चाळीस वर्षं घोंगडीवर कुशीवर झोपले रे. पाठ टेकली की कंबर ओरडते. बघू तरी सरळ झोपून, आठ तास." तिने आयुष्यात एखादी गोष्ट स्वतःसाठी मागितलेली मला आठवते ती एवढीच.

तीन महिन्यांनी दोघं परत आले; येताना पॉइंट नव्हते, दोघंही मागेच बसून. मी हौसेने वटारला गेलो. "काय काकी, कसा काय बिझनेस क्लास?"

"पडदा चांगला होता," ती म्हणाली. "निळा."

मग तिने सांगितलं. गजराचं घड्याळ तिने पर्समधून नेलं होतं. विमान सुटलं तेव्हा चावी दिली, काटा आठ तासांवर लावला. मधल्या सीटवर, दोन अनोळखी पुरुषांच्या कोपरांमध्ये, अंग चोरून बसली. खाली समुद्र असेल-नसेल तेव्हा गजर झाला. मागचं सगळं विमान दचकून उठलं. काकीने शाल घेतली, चपला घातल्या, सगळ्यांना "सॉरी, सॉरी" म्हणत पुढे गेली. पडद्याशी एका मुलीने अडवलं. मुलगी हिंदी बोलणारी होती. मॅडम, सीट नहीं बदल सकते.

"मी म्हटलं, मेरा आदमी है अंदर, मेरा टाइम हुआ. ती हसली. म्हटलं, हस, पन त्याला उठव. ती म्हणे सो रहे हैं. मग मीच हाक मारली, अवो. पडद्याच्या फटीतून दिसत होते. असे उताणे, हात पोटावर. नाय उठले."

"तो नियम असतो काकी. ज्याच्या नावाचं तिकीट, त्याचीच सीट."

"मग तू का सांगितलंस बदला म्हणून?"

मी काकांची बाजू घेतली. गाढ झोपले असतील, त्यांना काय कळणार. पुढच्या खेपेला तर मी नियम छापून नेला आणि चष्मा लावून तिला वाचून दाखवला. काकीने शांतपणे ऐकला. "हा त्या मुलीचा नियम," ती म्हणाली. "ह्यांना उठून पडद्यापाशी यायला कुठल्या नियमाची आडकाठी होती?"

त्या दिवसापासून तिने घरातली वाटणी बंद केली. पपई कापली की सगळी काकांच्या ताटात. "घ्या. पुढच्यांनी घ्यावं." शेजाऱ्यांसमोर, पाहुण्यांसमोर काकांचं नाव तेच पडलं. पुढच्यांना चहा द्या. पुढच्यांचा टॉवेल कुठाय. लोक हसायचे, मीही हसायचो. काका ताटाकडे बघत बसायचे. गावात कोणी विचारलं, बिझनेस क्लास कसा असतो, घ्यावा का, तर म्हणायचे, "चांगला असतो," आणि उठून वाडीत जायचे. एकदा मी काकीला म्हणालो, चार वर्षं झाली, सोड आता. "सोडलंय की," ती म्हणाली. "अर्धं मागते का मी?"

गेल्या पावसाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं आणि दिवाळीनंतर विरारच्या दवाखान्यात रोग कळला तेव्हा उशीर झाला होता. मी भेटायला गेलो तर नर्स पलंगाचं बटण दाबत होती. डोक्याकडची बाजू खाली गेली, पायांकडची सपाट झाली. काकी छताकडे बघत होती.

"हाच का रे तो?" तिने विचारलं.

मी पायांकडची चादर सरळ केली.

"इथं किती तास देतात?"

काका पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते, पाठ टेकायला भिंतही नाही. काकी त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "पुढच्यांना सांग, आता उठवायला येऊ नका." तिसऱ्या दिवशी ती गेली.

तेरावं झाल्यावरच्या रविवारी मी आमची पाळी चालवायला वटारला गेलो. काका विहिरीच्या कठड्यावर येऊन बसले. निलेशने त्यांना कायमचं बोलावलं होतं, तिकीटही काढलं होतं. "पुढचंच काढलंय," ते म्हणाले. "ह्या वेळी विकत."

"घ्या ना काका. तुमचे गुडघे..." माझी जीभ जुन्या सवयीने बोलून गेली.

"मी जागा होतो," ते म्हणाले.

"कधी?"

"गजर झाला तेव्हाच जाग आली. तो गजर मी झोपेत ओळखणार नाय? मग ती अवो म्हणाली. दोनदा. दुसऱ्यांदा हळू म्हणाली."

"मग उठला का नाही?"

"गादी मऊ होती रे." त्यांनी तळव्याने कठडा चाचपला. "म्हटलं, पाच मिनिटं. मग डोळे उघडायची लाज वाटाय लागली."

आणि मी तिला नियम वाचून दाखवला होता.

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. पाणी आमच्या वाफ्यांतून वाहत होतं, भरून पलीकडे सांडत होतं. बऱ्याच वेळाने माझं लक्ष केळीकडे गेलं. पिशवी होती, पिशवीत घड्याळ होतं, चावी कोणी दिली नव्हती. मी मोबाइल काढून बघितला. दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

मी फावडं घेतलं, आमच्या पाटाच्या तोंडात चिखल भरला आणि पाणी काकीच्या केळींकडे सोडलं. तिची वीस मिनिटं मी खाल्ली होती, आणि मागायला ती येणार नव्हती.