पाण्याला लागलेली ठेच

पाचोऱ्याच्या आसपास शेतांत पाइपलाइन टाकणारे पुष्कळ, पण गिरधर आबांइतका छळवादी माणूस दुसरा नव्हता. मी त्यांचा पुतण्या, म्हणून हक्काने सांगतो. करवतीने पाइप कापला की तोंडाशी आतून खरखरीत काठ राहतो. आबा तो पॉलिश पेपरने घासत आणि मग बोट आत फिरवून पाहत. शेतमालक वैतागून म्हणे, "आबा, आत कोण पाहायला जातंय?"

"पानी जास ना," आबा म्हणत. "हळू पानी खरखरीवरतीन गुमान जास. जोरमा ऱ्हायनं की त्याले ठेच लागस, मंग गिरक्या खास, आवाज करस."

काम संपलं की पाइपाला कान लावत. आतून काही ऐकू आलं नाही, तरच जेवायला बसत.

गेल्या वर्षी बेबाकाकूला दोन पायऱ्या चढताना धाप लागू लागली. जळगावचे डॉक्टर म्हणाले, हृदयाची झडप कडक आणि खरबरीत होऊन आकसली आहे. ऑपरेशन तिच्या तब्येतीला झेपणार नाही. आबांना काही समजेना, तेव्हा डॉक्टरांनी स्टेथोस्कोप त्यांच्या कानाला लावला. आबांचा चेहरा उतरला. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

"आठे मनं बोट जात नही, साहेब," काकूच्या छातीकडे पाहत एवढंच म्हणाले.

हातात उरला फक्त वेग. त्यांनी काकूची लगबगच बंद केली. भाकरी स्वतः थापू लागले. भाकरी कसल्या, नकाशे! रोज सकाळी तिच्या छातीला कान लावत, आणि ती लाजून शिव्या घाली.

सहा महिन्यांनी एका सकाळी आबा ओरडतच माझ्या दारात आले. "नीलेश, आवाज कमी झाया रे!"

केळीची फणी घेऊन आम्ही तिघांनी जळगाव गाठलं. तपासणी झाल्यावर काकू बाहेर बाकावर जाऊन बसली. डॉक्टरांनी केळी बाजूला ठेवली. "आबा, झडप तशीच आहे. रक्त ढकलायला हृदयात जोरच राहिला नाही."

आबांना पुन्हा समजावावं लागलं नाही. मला मात्र डॉक्टरांचा राग आला, आणि आबांच्या त्या शहाणपणाचाही. काय कामाला आलं ते?

बाहेर काकूने विचारलं, "काय म्हने डॉक्टर?"

"आवाज कमी झाया."

"मंग उद्यापाईन भाकर मीच करसू," ती खुशीत म्हणाली.

सहा महिने तिला चुलीजवळ फिरकू न देणारे आबा म्हणाले, "कर."